पेढीचा कार्यक्रम आणि सर्वांचा सहविचार

व्यापार म्हणजे केवळ खरेदी आणि विक्री, अशी सामान्य समजूत आहे. परंतु ज्याने पेढीवर चार पावसाळे काढले आहेत त्यास हे ठाऊक असते की, मागणी आल्या क्षणापासून तो त्या मालाची रक्कम पदरात पडेपर्यंत जी पंधरा-वीस कामे एकामागून एक व्हावी लागतात, त्यांची अखंड साखळी म्हणजेच व्यापार होय. माल पाहणे, भाव ठरविणे, लॉरी भरणे, तोल करणे, थप्पी लावणे, बिल करणे, रवानगी, पोच आणि वसुली ही त्या साखळीची कडी. यांपैकी एक कडी निखळली तर बाकीच्या मजबूत कड्यांचा काही उपयोग होत नाही.

या साखळीची जाणीवपूर्वक आखणी करणे, ती नीट चालते की नाही यावर नजर ठेवणे आणि वेळोवेळी तिच्यात सुधारणा करणे, या शास्त्रास हल्ली ‘बिझिनेस प्रोसेस मॅनेजमेंट’ असे नाव आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपुरतेच झालेले असल्यामुळे या शास्त्राचे पांडित्य आम्ही सांगू इच्छीत नाही. तथापि धान्याच्या घाऊक व्यापारात आयुष्य गेल्यामुळे त्यातील एका प्रश्नाचा विचार आम्हांस सतत करावा लागला. तो प्रश्न असा की, या साखळीत हात घालणाऱ्या सर्व माणसांचे ज्ञान तिच्या उपयोगी कसे पडावे? त्याविषयी चार गोष्टी सभासद बंधूंपुढे व त्यांच्या घरच्या तरुण मंडळींपुढे ठेवण्याचा या लेखात विचार आहे.

वहीतील प्रवाह आणि बोलण्यातील प्रवाह

आपल्या वाडवडिलांची कीर्द-खतावणीची पद्धत ही एक उत्तम शिस्त होती. व्यवहार झाला की कच्ची नोंद, त्यावरून रोजकीर्द, रोजकीर्दीवरून खतावणी, हा क्रम मोडण्याची कोणास मुभा नसे. आज वहीच्या जागी संगणक आला, वस्तू व सेवा कर 1 जुलै 2017 पासून सुरू झाला, मालाबरोबर ई-वे बिल जाऊ लागले, परंतु मूळ तत्त्व तेच राहिले. जे घडले ते क्रमाने लिहावे.

मात्र प्रत्येक पेढीत लिखित प्रवाहाच्या बरोबरीने दुसराही एक प्रवाह वाहत असतो. तो बोलण्याचा. हमाल तोलाऱ्यास काही सांगतो, तोलारी दिवाणजीस, लॉरीचा चालक गोदामाच्या रखवालदारास. गिऱ्हाईक दूरध्वनीवरून मालकाच्या कानावर काही घालते. यांतील बहुतेक बोलणे वहीत येत नाही, कारण वहीत त्यासाठी रकानाच नसतो. आणि खरी अडचण उद्भवते ती येथेच.

एक उदाहरण घेऊ. समजा, कलबुर्गीहून तूरडाळीची दोनशे पोती बेळगावास आली. वाटेत पावसाची सर लागली आणि ताडपत्रीचा एक कोपरा फाटलेला होता, हे चालकास माहीत आहे. उतरवून घेताना पाच-सहा पोती हाताला गार लागली, हे हमालास माहीत आहे. त्याच पोत्यांचा तोल इतरांहून किंचित जास्त भरला, हे तोलाऱ्याच्या नजरेस आले आहे. दिवाणजींनी पोती मोजली, ती दोनशे भरली. काटाचिठ्ठी बिलाशी जुळली, उलट किलोभर वाढच मिळाली. नोंद पुरी झाली. पुढे तीच पोती चोर्ला घाटाने गोव्यास गेली आणि म्हापशाच्या दुकानदाराने पंधरा दिवसांनी पोते फोडले तेव्हा डाळीला बुरशी धरलेली. वांधा उभा राहिला. दुकानदार म्हणतो, तुम्ही खराब माल दिला. पेढी म्हणते, आमच्या गोदामातून चांगला गेला. गिरणीवाला म्हणतो, आम्ही कोरडा भरला.

आता येथे लबाडी कोणी केली? कोणीच नाही. आळस कोणी केला? तसेही म्हणता येत नाही. तीन माणसांना तीन खुणा दिसल्या होत्या. त्या तिन्ही एके ठिकाणी आल्या असत्या तर पाच मिनिटांत निर्णय झाला असता की, ही सहा पोती बाजूस काढा, उन्हात वाळवा आणि गिरणीवाल्यास आजच कळवा. परंतु त्या खुणा ज्या बोलण्यात होत्या ते हवेत विरले आणि जी वही टिकली तिच्यात त्या नव्हत्या. कार्यक्रम बिनचूक पार पडला आणि व्यापार मात्र बुडाला, अशी ही स्थिती होय.

मोठ्या कारखान्यांचा अनुभव

हा प्रश्न केवळ आपल्यासारख्या पेढ्यांचा आहे असे नाही. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी 1911 साली शास्त्रीय व्यवस्थापनावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. काम कसे करावयाचे हे विचार करणाऱ्यांनी ठरवावे आणि करणाऱ्यांनी ते तसेच करावे, असा त्यांच्या पद्धतीचा रोख होता. त्यायोगे उत्पादन वाढले हे खरे. पण करणारा आणि विचार करणारा यांच्यामध्ये जी भिंत उभी राहिली ती पुढे फार दिवस टिकली.

पुढे 1990 साली मायकेल हॅमर यांनी एका लेखात फोर्ड मोटार कंपनीची हकीकत दिली, ती बिल तपासणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने वाचण्यासारखी आहे. फोर्डच्या उत्तर अमेरिकेतील देणी भागविणाऱ्या खात्यात पाचशेहून अधिक माणसे होती. जपानच्या माझदा कंपनीत तेच काम पाच माणसे करीत होती. माझदा आकाराने लहान होती हे हिशेबात धरले तरी तफावत फारच मोठी. शोध केला तेव्हा असे आढळले की, खरेदीची मागणी, माल पोचल्याची नोंद आणि विक्रेत्याचे बिल या तीन कागदांवरील चौदा बाबी जुळतात की नाही हे पाहण्यात, आणि न जुळल्यास चौकशी करण्यात, त्या माणसांचा वेळ जात होता. मग त्यांनी बिलाची अडचणच काढून टाकली. माल दारात आला की तेथील कारकुनाने संगणकात मागणी पाहावी, जुळली तर माल घ्यावा व पैसे आपोआप चुकते व्हावेत, न जुळली तर माल परत करावा. चौदा बाबींच्या जागी तीन राहिल्या आणि माणसे पाऊणपट कमी झाली.

या हकीकतीत दोन बोध आहेत. पहिला असा की, माल जेथे येतो त्या दारातील माणसाच्या हाती माहिती व अधिकार दोन्ही दिले की मागची पुष्कळशी धावपळ आपोआप थांबते. दुसरा बोध कटू आहे. या लेखानंतर अनेक कंपन्यांनी ‘पुनर्रचना’ या नावाखाली केवळ माणसे कमी करण्याचा सपाटा लावला. कागदावर कार्यक्रम सुंदर झाले आणि ते चालविणारी अनुभवी माणसे मात्र निघून गेली. कामातील माणसाच्या बाजूकडे आपले पुरेसे लक्ष गेले नव्हते, असे पुढे 1996 साली खुद्द हॅमर यांनीच मान्य केले.

याच्या उलट उदाहरण कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील मोटार कारखान्याचे आहे. जनरल मोटर्सचा हा कारखाना तंटेबखेडे, गैरहजेरी आणि खराब माल यांबद्दल बदनाम होता. तो 1982 साली बंद पडला. दोन वर्षांनी, म्हणजे 1984 साली, जनरल मोटर्स व जपानची टोयोटा यांनी तो भागीदारीत पुन्हा सुरू केला. कामगार बहुतांशी जुनेच घेतले, कामगार संघटनाही तीच राहिली. मग बदलले काय? टोयोटाच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक दोरी लोंबत असे. कामात खोट दिसली की कोणीही ती ओढावी. ओढताच गटाचा प्रमुख धावत येई व दोघे मिळून दोष पाहत. वेळेत उलगडा न झाल्यास सगळी रांग थांबे. पूर्वी रांग थांबविणे हा गुन्हा होता, आता दोष दडविणे हा गुन्हा ठरला. थोड्याच काळात त्या कारखान्याचा माल जपानी मालाच्या तोडीस उतरला आणि गैरहजेरी झपाट्याने घटली. माणसे तीच, पण कामाच्या जागी त्यांच्या तोंडाला किंमत आली, हा सगळा फरक. तो भागीदारीचा कारखाना 2010 साली बंद झाला, परंतु त्याचा धडा जुना झालेला नाही.

आपल्याच माणसांचे उदाहरण

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. मुंबईच्या डबेवाल्यांचा धंदा महादू हावजी बच्चे यांनी 1890 साली सुरू केला असे मानले जाते. डब्याच्या झाकणावरील रंग, अक्षरे व आकडे यांवरून तो कोठून निघाला, कोणत्या स्थानकावर उतरावयाचा आणि कोणत्या इमारतीत कोणत्या मजल्यावर जावयाचा, हे कळते. एक डबा अनेक हातांतून जातो. तरी त्याच्याबरोबर लांबलचक कागद नसतो. निरोप डब्यालाच चिकटलेला असतो. प्रत्येक गटाचा मुकादम असतो, गटात एक-दोन माणसे जादा ठेवलेली असतात, आणि एखादा अडला तर दुसरा न सांगता त्याच्या डब्यांना हात घालतो, कारण प्रत्येकास मागचा-पुढचा टप्पा ठाऊक असतो. हार्वर्डच्या व्यापारी विद्यालयाने 2010 साली या पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे 2020 च्या महासाथीने या धंद्याचे फार नुकसान केले व डबेवाल्यांची संख्या पुष्कळ घटली, हे दुर्दैव होय. परंतु त्यांच्या पद्धतीतील मर्म आपण उचलण्यासारखे आहे. निरोप मालाबरोबर जावा आणि प्रत्येकास शेजारच्याचे काम समजावे, हे ते मर्म.

पेढीवर हे कसे आणावे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. गेल्या काही वर्षांत संगणकाच्या व्यवस्थेतच कामाच्या प्रत्येक टप्प्याशी जोडलेली बोलण्याची सोय येऊ लागली आहे. ज्यांस ती परवडते त्यांनी जरूर घ्यावी. परंतु यंत्र हे साधन आहे, रिवाज ही मुख्य वस्तू आहे. लहान पेढीनेही पाळता येतील असे सहा नियम आम्ही सुचवितो.

पहिला नियम : काम जसे घडते तसे लिहून काढावे. मालकाने एकट्याने गादीवर बसून लिहिलेला क्रम हा बहुधा जसे घडावे त्याचा असतो. दिवाणजी, तोलारी, एक वडीलधारा हमाल व एक चालक यांना बरोबर घेऊन, मागणीपासून वसुलीपर्यंतचा क्रम एका मोठ्या कागदावर मांडावा. कोठे थांबावे लागते, कोठे दोनदा लिहावे लागते, कोठे ‘विचारून सांगतो’ असे म्हणावे लागते, हे त्यांच्याच तोंडून निघते.

दुसरा नियम : प्रत्येक बोलणे मालाला बांधावे. आजकाल प्रत्येक पेढीचा भ्रमणध्वनीवर एक व्हॉट्सअ‍ॅप गट असतो. त्यात सुप्रभात, वाढदिवस, देवदर्शनाची चित्रे आणि ओल्या पोत्याची खबर ही सर्व एकाच ओघात वाहून जातात. हा सहविचार नव्हे, हा बाजारातला गलका होय. यावर उपाय साधा आहे. आलेल्या प्रत्येक मालास एक लॉट क्रमांक द्यावा, त्याविषयीचा प्रत्येक निरोप त्या क्रमांकाने सुरू व्हावा, आणि सायंकाळी दिवाणजींनी त्यातील कामाचे तेवढे लॉटच्या पानावर उतरवून घ्यावे. पुढे वांधा निघाला तर ते एक पान उघडले की पुरे.

तिसरा नियम : अडविण्याचा अधिकार सर्वांस असावा. फ्रीमाँटच्या दोरीचे आपल्याकडील रूप म्हणजे लाल चिठ्ठी. पोत्याला टोचा मारल्यावर वास आला, दाणा ओला लागला, सोंडे किंवा टोके दिसले, तर हमालानेही थप्पीला लाल चिठ्ठी लावावी. ती जबाबदार माणसाने पाहून काढीपर्यंत माल हलू नये. गहू साठविताना आर्द्रता बाराएक टक्क्यांच्या आत असावी हे आपण सर्व जाणतो, पण आर्द्रतामापक प्रत्येक पोत्याला लागत नाही, हमालाचा हात मात्र लागतो. चिठ्ठी दहा वेळा लागली आणि नऊ वेळा निष्कारण ठरली, तरी लावणाऱ्यावर रागावू नये. एकदा रागावलात की अकरावी चिठ्ठी लागणार नाही, आणि नुकसान नेमके त्याच वेळी व्हावयाचे.

चौथा नियम : विचार सर्वांचा, जबाबदारी एकाची. सर्वांनी मिळून करावयाचे काम म्हणजे कोणीच न करावयाचे काम, असा अनुभव आहे. म्हणून प्रत्येक टप्प्यासमोर एकच नाव असावे. बोलण्याचा अधिकार सर्वांस, निर्णय त्या नावाचा, आणि निर्णयाची नोंद त्याच दिवशी.

पाचवा नियम : गिऱ्हाईक व पुरवठादार यांना साखळीबाहेर ठेवू नये. किरकोळ दुकानदाराची तक्रार मालकाच्या कानात राहता कामा नये, ती लॉटच्या पानावर आली पाहिजे. तसेच नियम बदलला की तो साखळीच्या टोकापर्यंत पोचला पाहिजे. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या वेष्टित व लेबल लावलेल्या धान्य-कडधान्यांवर 5 टक्के कर लागू झाला, तेव्हा मालकास कळून भागण्यासारखे नव्हते. पिशवी भरणारा, लेबल लावणारा, बिल करणारा आणि माल घेणारा दुकानदार या चौघांनाही तेच त्याच दिवशी कळणे आवश्यक होते. जेथे ते कळले नाही तेथे बिलांची दुरुस्ती करीत बसावे लागले.

सहावा नियम : आठवड्यातून अर्धा तास एकत्र बसावे. बाजार बंद असेल त्या दिवशी लाल चिठ्ठ्या व परत आलेला माल समोर ठेवावा. प्रश्न ‘कोणाचे चुकले’ हा नसावा, ‘क्रमात काय बदलावे’ हा असावा. बदल ठरला तर तो तारखेसह फळ्यावर लिहावा आणि सुचविणाऱ्याचे नाव त्याखाली द्यावे, मग तो हमाल असो वा आपला मुलगा. त्या नावाची किंमत दिवाळीच्या बक्षिसाहून कमी नसते.

काही शंका

येथे कोणी म्हणेल की, व्यापारात गुप्तता लागते, सर्वांस सर्व सांगून कसे चालेल? शंका रास्त आहे. परंतु कोणती गोष्ट गुप्त ठेवावयाची याचा विवेक हवा. खरेदीचा भाव, गिऱ्हाइकाची पत, कोणाची किती उधारी, या गोष्टी गादीच्या आतल्याच राहिल्या पाहिजेत. मालाची स्थिती, लॉरीची वेळ, गोदामातील जागा या गोष्टी गुप्त ठेवून कोणाचा फायदा होतो? एकेकाळी बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत असे. शेतकऱ्यास त्याच्या मालाचा भाव कसा ठरला हे कळत नसे. वऱ्हाडात 1897 चा कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला, मुंबई इलाख्यात 1939 चा कृषी उत्पन्न बाजाराचा कायदा झाला, आणि बाजार हळूहळू उघड्यावर आला. 14 एप्रिल 2016 रोजी सुरू झालेली ‘ई-नाम’ ही व्यवस्था त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल. उघड लिलावाने व्यापारी बुडाला नाही, उलट उघड बाजाराचाच विश्वास वाढला.

दुसरी शंका अशी की, हमालांस लिहिता येत नाही आणि आपल्या सीमाभागात कोणी कानडी, कोणी मराठी, तर कोणी हिंदी बोलतो. त्यास उत्तर हे की, बोलणाऱ्याने आपल्या भाषेत बोलावे. भ्रमणध्वनीवर बोललेला निरोपही चालतो. लिहून घेण्याचे काम दिवाणजींचे. लिहिता न येणे म्हणजे न कळणे नव्हे.

तिसरी गोष्ट ही शंका नसून इशारा आहे. बोलण्याने वही बदलत नाही. बिल, ई-वे बिल, काटाचिठ्ठी आणि बिल्टी यांचे स्थान अढळ आहे. ‘आम्ही आपसांत बोललो होतो’ हा पुरावा कोणत्याही कचेरीत चालत नाही. सहविचार हा नोंदीचा सोबती आहे, तिची जागा घेणारा नव्हे. आणि सहविचाराच्या नावाखाली माणसावर पाळत ठेवण्याचा मोह टाळावा. तो टाळला नाही तर माणसे बोलतील, पण खरे बोलणार नाहीत.

हे आज का निकडीचे आहे

हा विषय निवडण्याचे खरे कारण शेवटी सांगतो. आपल्या अनेक पेढ्यांचे जुने दिवाणजी आता निवृत्त होत आहेत. श्रावण सरल्यावर कोणता दुकानदार मुदत मागतो, गोदामाचा कोणता कोपरा आषाढात ओल धरतो, कोणत्या गिरणीची डाळ दिसते चांगली पण शिजत नाही, हे सर्व त्यांच्या डोक्यात आहे, खतावणीत नाही. ते घरी बसले की ती दुसरी अलिखित वही त्यांच्याबरोबर घरी जाते. इकडे आपली मुले पुण्या-बंगळुरास शिकून येतात किंवा येतच नाहीत. जी येतात त्यांना संगणक येतो, पण टोचा मारता येत नाही. ज्या पेढीचा कार्यक्रम एकाच डोक्यात असतो ती त्या डोक्याच्या आयुष्याइतकीच टिकते. आपण आपल्या मुलांच्या हाती गोदाम, पत आणि नाव देऊ, पण काम कसे चालते हेच देता आले नाही तर बाकीचे टिकणार किती दिवस?

म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक सभासदाने या वर्षी एक तरी काम, मग ते आवकेचे असो वा वसुलीचे, वर सांगितल्याप्रमाणे सर्वांना बसवून लिहून काढावे. जुन्या दिवाणजींना आणि घरच्या तरुणांना एकाच सतरंजीवर शेजारी शेजारी बसवावे. एकाने सांगावे, दुसऱ्याने लिहावे. आपल्या संघानेही मालाच्या दोषांसाठी सर्व पेढ्यांस समजतील असे ठराविक शब्द आणि लॉटच्या पानाचा एक समान नमुना तयार करून सभासदांस द्यावा. ओला, डागी, किडका, फुटीर हे शब्द आपल्याकडे आहेतच. त्यांचा अर्थ मात्र बेळगावात एक आणि म्हापशात दुसरा असता कामा नये.

यासाठी भांडवल लागत नाही. एक कागद, एक फळा, थोड्या लाल चिठ्ठ्या, आणि ऐकून घेण्याची सवय एवढीच सामग्री पुरे. पहिल्या तिन्ही वस्तू कोणत्याही पेठेत मिळतात. चौथी ज्याची त्यानेच लावून घ्यावी लागते, आणि ती गादीवर बसणाऱ्यापासून सुरू व्हावी लागते. सभासद बंधूंनी याचा विचार करावा, आपापल्या पेढीवर अनुभव घ्यावा आणि त्यात जे उणे-अधिक आढळेल ते पुढील अंकासाठी संघास अवश्य लिहून कळवावे, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो.